गुरुवारची बैठक आणि तिची थोरली भावंडे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी तुम्ही काही तरी लिहिलेच पाहिजे, असा धोशा चिटणीसबाईंनी दिवाळीपासून लावला होता. मुलींच्या शाळेत मी तीस वर्षे इतिहास शिकवला, तेव्हा मंडळाचा इतिहास मीच लिहावा अशी त्यांची समजूत. पण ते काम याच अंकात माझ्याहून अधिकारी हातांनी झाले आहे. म्हणून मंडळाच्या सर्वांत धाकट्या अपत्याविषयी लिहायचे मी ठरवले. ते अपत्य म्हणजे गुरुवारची बैठक. ही बैठक चालू ठेवावी की बंद करावी, असा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे यायचा आहे, आणि तो ज्या कारणाने आला त्याला मी जबाबदार आहे. हे आरंभीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना कोणाची फसगत व्हायला नको.

ज्या भगिनी गुरुवारी येत नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा. 2020 साली करोनाची साथ आली आणि मंडळाच्या दाराला कुलूप लागले. त्या दोन वर्षांत आपल्यापैकी कित्येकींची माणसे गेली. काहींना शेवटचे दर्शनही घडले नाही. पुढे मंडळ उघडले, भजन, शिवणवर्ग, भिशी सारे पूर्ववत सुरू झाले. पण आरती होऊन प्रसाद वाटला तरी बायका सतरंजीवरून उठेनात. कोणाला घरी जायचेच नसे. त्यातून ठरले की, दर गुरुवारी चार ते साडेपाच दहा-बाराजणींनी गोल बसायचे आणि नुसते बोलायचे.

पहिल्याच गुरुवारी आमच्यातील सर्वांत वडील काकूंनी एक अट घातली. प्रत्येकीने आपली ओळख सांगावी, पण तीत नवऱ्याचे, मुलांचे, सासरचे वा माहेरचे नाव घेऊ नये. ऐकायला अट सोपी, पण पहिल्या तिघी “मी” म्हणून तिथेच थांबल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटले, “मी कुसुम,” आणि माझ्याच कानांना ते नाव परके वाटले. लग्नात माझे नाव बदलून सुमती ठेवले त्याला पन्नासाहून अधिक वर्षे झाली. शाळेच्या दप्तरात, बँकेत, मतदारयादीत मी सुमतीच आहे. मला कुसुम म्हणून हाक मारणारा शेवटचा माणूस माझा भाऊ होता, आणि तो साथीच्या दुसऱ्या वर्षी गेला. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेल्या नावाखाली आपले पहिले नाव कसे बुजून जाते, हे या अंकाच्या वाचक-भगिनींना मी काय सांगावे? रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉ. आनंदीबाई जोशी याही यमुनाच. आणि महर्षी कर्व्यांच्या आनंदीबाई, ज्यांना सारे बाया म्हणत, त्या मूळच्या गोदूबाई.

त्या दिवसापासून ‘मी’ या एका अक्षराने माझा पिच्छा पुरवला. इतिहासाच्या शिक्षिकेला दुसरे काय सुचणार? अशा गोल बसून बोलण्याचा काही इतिहास आहे का, ते मी वाचू लागले. वाचता वाचता कळले की, या बैठकीला जगात पुष्कळ थोरली भावंडे आहेत. शास्त्रात तिला समूह-मानसोपचार म्हणतात.

यातील सर्वांत थोरले भावंड जन्मले क्षयरोगाच्या पोटी. अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉ. जोसेफ प्रॅट नावाचे तरुण वैद्य होते. क्षयाचा जंतू 1882 सालीच सापडला होता, परंतु त्यावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन निघायला अजून जवळजवळ चाळीस वर्षे होती. विश्रांती, मोकळी हवा आणि पौष्टिक अन्न एवढाच उपाय. श्रीमंतांना डोंगरावरची आरोग्यधामे होती. गरिबांनी काय करावे? 1905 साली प्रॅट यांनी एका चर्चच्या आर्थिक साहाय्याने अशा गरीब रोग्यांचा एक ‘वर्ग’ काढला. वर्गात फार तर पंचवीस जण. प्रत्येकाने काम सोडून घरीच, गच्चीत किंवा अंगणात, उघड्या हवेत पडून राहायचे. ताप किती, काय खाल्ले, बाहेर किती वेळ होतो, हे रोज वहीत टिपायचे. आणि आठवड्यातून एकदा वही घेऊन वर्गाला यायचे. एकाच गोष्टीचा उपदेश वीस जणांना वीस वेळा करण्याऐवजी एकदाच करता यावा, एवढाच डॉक्टरांचा मूळ हेतू.

पण घडले निराळेच. निरनिराळ्या वंशांची आणि धर्मपंथांची ती माणसे एकमेकांच्या वह्या पाहू लागली. कोणाचे वजन वाढले की सर्वांनाच हुरूप येई. जुना रोगी नव्याला धीर देई. ज्या आजारामुळे शेजारी दार लावून घेत, तोच आजार इथे ओळखीचा धागा झाला. वर्गाबाहेर तो माणूस ‘क्षयी’ होता. वर्गात तो ‘गेल्या महिन्यात दोन पौंड वाढलेला’ होता. बरे होण्यात या मनाच्या उभारीचा वाटा मोठा आहे, हे प्रॅट यांच्या हळूहळू ध्यानात आले. पुढे 1930 साली त्यांनी ज्यांच्या शरीरात काही दोष सापडत नाही, पण ज्यांचे दुखणे थांबत नाही, अशा रोग्यांसाठीही तसाच वर्ग काढला.

दुसरे भावंड व्हिएन्ना शहरातले. याकोब मोरेनो नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी 1913 च्या सुमारास तिथल्या श्पिटेलबर्ग या वस्तीत जाऊ लागला. तिथल्या स्त्रिया देहविक्रय करीत. त्यांना सुधारावे किंवा उपदेश करावा म्हणून तो गेला नव्हता. मोरेनो यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे त्याप्रमाणे, आठ-दहाजणींचा एकेक गट आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी जमे. आरंभी गोष्टी अगदी व्यवहाराच्या होत : पोलीस का धरतात, घरमालक का छळतो, आजारी पडले तर इस्पितळात कोण घेईल. त्या स्त्रियांनी थोडे थोडे पैसे टाकून अडीअडचणीसाठी निधीही उभा केला. आपल्या भिशीची आणि बचतगटाची आठवण यावी असाच हा प्रकार. काही महिन्यांनी बोलणे खोल जाऊ लागले, आणि मोरेनो यांच्या लक्षात आले की, यांतली प्रत्येक स्त्री दुसरीची वैद्य होऊ शकते. जग त्यांना एकाच नावाने ओळखत होते, आणि पुष्कळ दिवस ऐकून ऐकून त्यांनीही तेच नाव स्वतःचे म्हणून घेतले होते. त्या खोलीत मात्र त्यांना प्रथम दुसरी नावे मिळाली. हेच मोरेनो पुढे अमेरिकेत गेले आणि ‘समूह-मानसोपचार’ हा शब्द त्यांनी 1932 साली रूढ केला.

तिसऱ्या भावंडाशी आपल्या देशाचा थोडा संबंध आहे. विल्फ्रेड बायन यांचा जन्म 1897 साली आपल्या मथुरेत झाला. वडील इंग्रज सरकारच्या चाकरीत. आठव्या वर्षी शिक्षणासाठी या मुलाला विलायतेला पाठवले, आणि तो पुन्हा कधी हिंदुस्थानात आला नाही. पहिल्या महायुद्धात ते रणगाड्यांच्या दलात लढले. दुसऱ्या महायुद्धात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून बर्मिंगहॅमजवळ नॉर्थफील्ड येथील लष्करी इस्पितळात आले. 1942-43 च्या हिवाळ्यात तिथल्या शंभर-दोनशे सैनिकांचा एक विभाग त्यांच्याकडे होता. लढाईने मने मोडलेली माणसे. कोणी उठेना, कोणी हुकूम मानेना. जॉन रिकमन या सहकाऱ्याबरोबर बायन यांनी नियम केला की, प्रत्येकाने सुतारकाम, नकाशावाचन, हस्तकला अशा कोणत्या तरी गटात गेलेच पाहिजे, आणि हवा तो गट नसेल तर आपण नवा काढावा. रोज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सर्वांनी जमायचे आणि आपल्या विभागात काय चालले आहे, ते जणू तिऱ्हाइताच्या नजरेने पाहायचे. खोल्या घाण आहेत अशी तक्रार आली, तेव्हा बायन यांनी झाडूवाला धाडला नाही. घाण का होते याचा विचार तुम्हीच करा, असे सांगितले. काही दिवसांत त्याच सैनिकांनी सफाईची व्यवस्था आपल्या हाती घेतली. ‘मी रोगी’ म्हणून आलेला माणूस ‘आमच्या विभागातला मी’ म्हणून उभा राहिला. वरिष्ठांना ही पद्धत मानवली नाही आणि सहा आठवड्यांत प्रयोग बंद पडला. पण सहा आठवड्यांच्या त्या कामाची गोष्ट आज ऐंशी वर्षांनीही शिकवली जाते. आयुष्याच्या शेवटी बायन मुंबईस यायचे ठरवत होते. 1980 च्या जानेवारीत ती भेट व्हायची होती. 1979 च्या नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले.

बायन यांच्यामागून नॉर्थफील्डला डॉ. फुक्स आले. हे जर्मनीतले ज्यू. 1933 साली देश सोडून इंग्लंडात आले आणि तिथे त्यांनी आपले नाव फोक्स असे करून घेतले. नाव बदलणे म्हणजे काय, हे या गृहस्थाला पुस्तकातून शिकावे लागले नसेल. 1940 साली एक्सेटर येथे ते एकेका रोग्याला निरनिराळे तपासत असत. एक दिवस त्यांनी आपल्या काही रोग्यांना एकत्र बसवून एकमेकांशी बोलू दिले. त्यातून जे निघाले ते पाहून, आज मानसोपचारात एक ऐतिहासिक गोष्ट घडली, पण कोणाला तिचा पत्ता नाही, असे त्यांनी घरी येऊन पत्नीला सांगितल्याची आठवण प्रसिद्ध आहे.

या फोक्स यांचा विचार मला सर्वांत जवळचा वाटला. मेंदूतली एक पेशी जशी साऱ्या जाळ्यातील एक गाठ असते, तसा माणूस हा नात्यांच्या जाळ्यातील एक गाठ आहे, असे ते म्हणत. आपल्या क्रोशाच्या वर्गातील उदाहरण घ्या. जाळीतला एकच टाका बोटात धरून पाहिला तर तो नुसता दोऱ्याचा वेढा. शेजारच्या टाक्यांनी त्याला आकार दिलेला असतो. म्हणून दुखते एकीचे, पण ताण असतो साऱ्या जाळीवर. आणि उपायही जाळीतच करावा लागतो.

मग प्रश्न येतो की, आपण जर जाळीतला टाका, तर ‘मी’ म्हणून वेगळे काय उरले? आपण तर जन्मभर जाळीतच आहोत. अमक्याची लेक, तमक्याची सून, कोणाची आई. हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. अमेरिकेतील चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने 1902 सालीच म्हटले होते की, दुसऱ्याच्या डोळ्यांत आपण कसे दिसतो याच्या कल्पनेतूनच माणसाची स्वतःविषयीची जाणीव घडते. दुसरा माणूस आपला आरसा. घरात आपल्याला एक-दोनच आरसे असतात आणि ते चाळीस वर्षे त्याच भिंतीवर असतात. त्यात जे दिसते तेच आपले रूप, असे वाटू लागते. गोल बसलेल्या दहाजणी म्हणजे दहा आरसे. एकीत मी भित्री दिसते, दुसरीत विनोदी, तिसरीत हेकट. या दहांचा मेळ घालणारी कोणी तरी असावी लागते. ती मेळ घालणारी म्हणजे ‘मी’, अशी मी माझी समजूत घालून घेतली आहे. शास्त्रज्ञांना ती पटेल न पटेल.

आता थोडे आकडे, कारण नुसत्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये. आफ्रिकेतील युगांडा देशात एड्सने घरेच्या घरे उजाड केली होती. 2002 साली तिथल्या 30 खेड्यांत एक प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांत खिन्नतेने ग्रासलेल्या स्त्री-पुरुषांचे निरनिराळे गट केले. स्त्रियांच्या गटाला गावकडचीच बाई, पुरुषांना पुरुष. या चालकांना शिक्षण फक्त दोन आठवड्यांचे. दर आठवड्यास दीड तास, असे 16 आठवडे ते बसले. विषय साधेच : माणूस गेल्याचे दुःख, घरातली भांडणे आणि आयुष्य बदलल्यावर ‘आता मी कोण’ हा पेच. शेवटी पाहता गटांत बसलेल्यांपैकी खिन्नतेच्या रोग्यांचे प्रमाण शेकडा 86 वरून साडेसहापर्यंत उतरले. उरलेल्या खेड्यांत ते 94 वरून सुमारे 55 वर आले होते. पुढे 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीचे मार्गदर्शक पुस्तक काढले.

सगळेच दावे टिकले असे मात्र नाही. 1989 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे डॉ. स्पीगल यांनी स्तनांचा कर्करोग अंगभर पसरलेल्या 86 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत गटात बसणाऱ्या स्त्रिया इतरांहून सरासरी दीड वर्ष अधिक जगल्याचे दिसले. मोठा गाजावाजा झाला. 2001 साली कॅनडातील अधिक मोठ्या पाहणीत आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. मनाचा त्रास आणि दुखणे मात्र कमी झाले. एवढे झाले तरी थोडे नव्हे, पण तेवढेच म्हणावे.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याच्या मुक्तांगणचे. डॉ. अनिता अवचट यांनी 1986 साली हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. ‘दारुड्याची बायको’ एवढीच ओळख उरलेली स्त्री तिथे तशाच दुसरीच्या शेजारी बसते आणि आपले म्हणून काही बोलते, याहून अधिक काय सांगू?

आता नाण्याची दुसरी बाजू. बायन यांनी 1961 सालच्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की, गट कामासाठी जमतो, पण त्याचे मन आडवाटांना जाते. कधी सारे जण एका थोर माणसाच्या तोंडाकडे पाहत बसतात. कधी एखादा शत्रू शोधून त्याच्याशी लढतात किंवा पळ काढतात. कधी दोघांची जोडी पुढे करून तीच आता तारील म्हणून वाट पाहतात. वाचताना मला हसू आले, कारण आपण सोसायटीच्या चेअरमनसाहेबांवर घालवलेले तीन गुरुवार आठवले. पण पुढचे वाचून हसू मावळले. 1960 नंतर अमेरिकेत मन मोकळे करण्याच्या गटांचे पेवच फुटले. स्टॅनफर्डच्या सुमारे दोनशे विद्यार्थ्यांवर त्यांचा काय परिणाम झाला याचा अभ्यास लीबरमन, यालोम आणि माइल्स यांनी 1973 साली प्रसिद्ध केला. त्यांतल्या 16 जणांना टिकून राहणारा मानसिक अपाय झाला होता. ज्या गटांचे चालक जोरदार, आक्रमक होते आणि ‘बोलाच, सगळे आताच बोला’ म्हणून लोकांना ढकलत होते, तिथे हे अधिक घडले. जिथे ‘मी’ गवसतो तिथेच तो मोडूही शकतो.

तो कसा मोडतो, हे मी जवळून पाहिले, कारण मोडणारी मीच होते. गेल्या वर्षी एका भगिनीने बैठकीत मनातले काही सांगितले. काय ते इथे लिहिणार नाही; तीच चूक दुसऱ्यांदा करायची नाही. आम्ही दहाजणी ऐकत होतो. त्या बोलून झाल्यावर कोणीही काही बोलले नाही, आणि त्यांनी पाण्याचा पेला एका दमात संपवला. मला त्यांचा फार कळवळा आला. दुसऱ्या दिवशी भाजी घेताना एका परिचित बाईंपाशी मी तो कळवळा बोलून दाखवला. माझ्या मनात वाईट काही नव्हते, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. आठ दिवसांत ती गोष्ट त्यांच्या घरी पोचली. त्या मंडळात यायच्या बंद झाल्या. भजनालाही नाहीत.

अनेक महिने मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून गेले. शेवटी एक दिवस जिना चढले. त्यांनी चहा केला. मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “सुमतीताई, तिथे बोलले तोवर ते माझे होते. बाहेर गेल्यावर ते अमक्यांच्या सुनेचे झाले.” पुढे त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. शास्त्राची चार पुस्तके वाचून मला जे उमगले नव्हते, ते त्या दोन वाक्यांत उमगले.

वार्षिक सभेत बैठक बंद करण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. तरीही ती चालू राहावी, अशी माझी विनंती आहे, मात्र नियम घालून. खोलीतले बोलणे खोलीबाहेर, घरी यजमानांपाशीसुद्धा, न्यायचे नाही. कोणालाही बोलण्याचा आग्रह करायचा नाही. गप्प बसणे हाही प्रत्येकीचा हक्क. एका वेळी दहा-बाराजणींहून अधिक नको. आणि आपण वैद्य नाही हे विसरायचे नाही. जिला झोप-अन्न सुटले आहे, जगणे नकोसे झाले आहे, तिला गुरुवारची वाट पाहायला न लावता त्याच दिवशी सोबत करून मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचे. मी स्वतः बैठकीच्या चालकपदावरून दूर होत आहे. मला बसू द्यायचे की नाही, ते सभेने ठरवावे.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी तो त्या भगिनींना वाचून दाखवला, आणि त्यांनी नको म्हटले असते तर फाडून टाकला असता. त्यांनी एक वाक्य खोडले आणि छापायला हरकत नाही म्हणाल्या. त्या पुन्हा बैठकीला येतील की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलेही नाही. निघताना त्यांनी एवढेच विचारले, “तुमचे माहेरचे नाव कुसुम ना?” मी हो म्हटले. “बरे आहे नाव,” म्हणाल्या, आणि दार लावून घेतले.